मिसळलेल्या तांदळाचा भात

मास्तर,

आपली मंडळी मोडली. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळं ही बातमी तुम्हाला द्यायची काही घाई नव्हती. पण गेल्या रविवारी जे झालं ते ज्याच्यापाशी बोलावं असं माणूस आता गावात उरलं नाही. आज सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसलो, वहीची मधली पानं काढली आणि तुमच्यापाशीच बोलायचं ठरवलं. हात कापतो, अक्षर तिरकं जातं, तेवढं चालवून घ्या. लिहिताना तुमच्यासारखं 'मला' लिहितो. तोंडात अजून 'मले'च आहे.

मोडली म्हणजे भांडून मोडली असं नाही. भांडण झालं असतं तर कोणी मधे पडलं असतं, चार दिवस अबोला धरून पाचव्या दिवशी कोणी तरी विळा मागायच्या निमित्तानं दारात आलं असतं. तसं काहीच झालं नाही. नदीकडच्या आळीत तेलुगू लोकांची प्रार्थना वेगळी होते, नाल्यापलीकडच्या वस्तीत, टोल्यावर, गोंडांची वेगळी, आणि तुम्ही बांधलेल्या येशूच्या देवळात आपली जुनी मिशनची मराठी घरं बसतात. तिन्ही ठिकाणी रविवारी नऊ वाजताच. एखाद्याला वाटलं तरी दुसरीकडं जाता येऊ नये, असं कोणी मुद्दाम ठरवलं नाही, पण वेळ तशी पडली खरी. रस्त्यात भेटलो की सगळे हसून बोलतात. एक वंदनालु म्हणतो, एक जोहार म्हणतो, आपण सलाम म्हणतो, आणि ज्याची त्याची वाट धरतो.

मी तुमच्याकडं आलो तेव्हा बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात लाकडं फोडत होतो, आठवतं? स्वयंपाकी पळून गेला म्हणून एक दिवस तुम्ही मला चुलीपाशी उभं केलं. स्वयंपाक मला कोणी शिकवला नाही. पोरांची तोंडं पाहून शिकलो. पोर पान पुसून खायला लागलं की समजायचं मीठ बरोबर आहे. तसंच वाचणं. तुम्ही शाळा सुटल्यावर यायचे, चुलीतला विझलेला कोळसा उचलायचे आणि धुरानं काळ्या झालेल्या भिंतीवर जिथं कुठं पांढरी जागा दिसेल तिथं एक अक्षर काढायचे. मी डाळ घोटत घोटत त्याच्याकडं पाहत राहायचो. दुसऱ्या दिवशी दुसरं. भिंत भरली, तुम्ही चुना मारायला लावला, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या स्वयंपाकघरात आता कोणी रांधत नाही, बोर्डिंग केव्हाच बंद झालं, तिथं पंचायतीचं सिमेंट ठेवलेलं असतं. पण मी कधी आत गेलो की चुलीच्या वरच्या बाजूला नजर जातेच. नंतर मी गाण्याचं पुस्तक हातभर लांब धरून वाचतो हे तुमच्या लक्षात आलं, आणि ब्रह्मपुरीहून येताना तुम्ही माझ्यासाठी चष्मा आणला. नंबर तपासला नव्हता, काही नव्हतं. चार चष्मे घालून पाहिले आणि ज्याच्यात तुम्हाला स्वतःला चांगलं दिसलं तो उचलला म्हणालात. माझ्या डोळ्याला तो बसला, याचं तुम्हाला माझ्याहून जास्त नवल.

पण मला भाताचं बोलायचं आहे.

तुम्ही नगराकडचे, तुम्हाला इकडचं काही ठाऊक नव्हतं, म्हणूनच तुम्ही तसला विचार करू शकलात. आपली मराठी घरं काय नि कुठली, हे गावाला पाठ होतं. येशूचे झालो तरी गाव आम्हाला जुन्याच नावानं ओळखत होतं. टोल्यावरची पाच गोंड घरं तुमच्या मागं आली, पण आमच्या हातचं पाणी ते घेत नव्हते. तेलुगू लोक सिरोंच्याकडून बांबूच्या कामावर आलेले. त्यांच्यातही दोन आळ्या, एक दुसरीच्या चुलीपाशी जात नसे. देवळात सगळे बसायचे, पण बसायचे कसे? मधे एकेक हात जागा सोडून. तुम्ही वर उभं राहून 'आपण एका शरीराचे अवयव' म्हणायचे आणि खाली ते शरीर तीन चटयांवर बसलेलं असायचं. माझा मोठा भाऊ तेव्हा नुकताच नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घरी आला की मला टोचायचा. म्हणायचा, "काऊन रे, तू त्याईले वाढून राह्यला, पण ते तुया हातचं खातेत काय? आमच्यात ये. आमच्यात असं कोनी कोनाले इचारत नाई." त्याच्या बोलण्यात खोटं काय होतं? तुम्हाला मी हे तेव्हा सांगितलं नव्हतं, पण त्या वर्षी माझं एक पाऊल त्याच्या बाजूला पडलेलं होतं.

आणि मग धान निघाल्यावर तुम्ही कापणीच्या सणाची ती रीत काढली. प्रत्येक घरानं एक एक ओंजळ तांदूळ आणायचा, देवळात मेजापुढच्या एकाच टोपलीत टाकायचा, तुम्ही त्यात दोन्ही हात घालून तो मिसळायचा, आणि उपासना चालू असताना बाहेर एकाच चुलीवर, एकाच गंजात तो शिजवायचा. गंज म्हणजे बोर्डिंगचं ते पितळी पातेलं, दोन माणसांनी कडीत बांबू घालून उचलायचं. आणि शिजवायचा कोणी? मी. मी म्हणालो, "मास्तर, दुसऱ्या कोनाले सांगा. माह्या हातचा पाहून टोला उठून जाईन, आन सणाचा इचका होईन." तुम्ही म्हणालात, "उठून गेले तर आपल्याला कळेल तरी, आपली मंडळी आहे की नाही ते." एवढं बोलून तुम्ही गाणी निवडायला निघून गेलात.

ती दुपार मला अजून ताजी दिसते. पळसाच्या पत्रावळींची एकच लांब पंगत. टोल्यावर ज्यांना सगळे थोरले भाऊ म्हणतात त्यांची आई, ती बारीक, ताठ म्हातारी, पंगतीच्या मधोमध बसलेली आहे. टोल्याचे सगळे तिच्याकडं पाहत आहेत आणि बाकीचे सगळे टोल्याकडं. मी भात वाढतो. तिच्या पानावर झारा रिता करतो. ती भाताकडं पाहते, मग माझ्याकडं, मग एक घास उचलून तोंडात टाकते. कोणी हालत नाही. ती चावते, पुन्हा चावते, आणि मोठ्यानं म्हणते, "कच्चा हाय."

अशी हसली माणसं, मास्तर! तेलुगू आळीतली एक बाई तर पंगतीतून उठून खांबाला धरून हसली. म्हातारी मात्र हसली नाही, पान साफ केलं, वर पुन्हा मागितला आणि म्हणाली, "पुढच्या साली नीट शिजव, बापा." मी संध्याकाळी माझ्या भावाकडं गेलो. म्हटलं, "खाल्लं त्याईनं. कच्चा हाय म्हून मले बोललेही." भाऊ म्हणाला, "बोलले? मंग त झाले तुये सोयरे." त्यानंतर त्यानं मला कधी टोचलं नाही.

भात कच्चा होता हे खरंच होतं, आणि त्यात माझा दोष नव्हता. मिसळलेल्या तांदळाचा भात नीट होतच नाही. टोल्यावरचा तांदूळ हातसडीचा, जाडा, लालसर; त्याला वेळ लागतो. आपल्या घरांचा बारीक, नवा, गिरणीचा. तो दोन कढात मऊ होतो. तेलुगू लोकांना शेत कुठलं, ते दुकानातला जुना तांदूळ आणायचे, तो पाणी पीतच राहतो. एकाचं होईपर्यंत दुसऱ्याचा लगदा, आणि तिसरा दाताखाली कचकच. दुसऱ्या वर्षी म्हणून मी शहाणपणा केला. घराघरानं टोपलीत टाकायच्या आधीच तांदूळ दारात वेगवेगळा घेतला, टोपलीत दाखवायपुरता थोडा टाकला आणि जाडा तांदूळ मागच्या बाजूला दुसऱ्या चुलीवर चढवला. तुम्ही उपासना सोडून बाहेर आलात. झाकण उचललं. धोतराच्या सोग्यानं ते भांडं धरलं आणि अर्धवट शिजलेला भात मोठ्या गंजात उलटा केला. तुमचं बोट भाजलं. सगळ्या बायका पाहत होत्या. तुम्ही मला म्हणालात, "मी तुला चांगला भात करायला सांगितलं होतं का? सगळ्यांचा मिळून एक भात कर म्हटलं होतं. तेवढं जमत नसेल तर झारा ठेव." तुम्ही माझ्यावर ओरडलात ते तेवढंच एकदा. मला राग आला होता. चांगला रांधणाऱ्या माणसाला जाणूनबुजून वाईट रांधायला लावणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला, शाळामास्तराला, कधी कळलं नाही. पण झारा मी ठेवला नाही.

आणि मग वर्षांमागून वर्षं तो भात खाल्ला आपण. लोक त्याला मास्तरचा भात म्हणायचे. लहान पोरंसुद्धा तोंड वाकडं करायची. कोणी म्हणे औंदा लगदा, कोणी म्हणे औंदा खडे. तेलुगू आळीतली ती हसणारी बाई पदराआड लोणच्याची बरणी घेऊन यायची आणि पंगतीत गुपचूप फोडी वाटायची. अंबाडीची भाजी कोणाची चांगली, यावर टोल्याच्या आणि आपल्या बायकांची दरवर्षी जुंपायची, आणि पुढच्या वर्षी दोन्हीकडच्या मिळूनच ती निवडत बसलेल्या. सगळे मिळून एका वाईट भाताला नावं ठेवायचे. मला आता वाटतं, तेवढं एकच काम आम्ही सगळे मिळून करत होतो. तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायला तिन्ही वस्त्यांची माणसं होती आणि कोण पुढं, कोण मागं, हे कोणी विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं, झालं, आता हे टिकलं.

तुमच्या मागं आठ वर्षं मी एकच गंज चढवला. मग गडचिरोली चांद्यापासून वेगळा जिल्हा झाला, आणि त्याच्या पुढच्या सणाला मोठ्या गावच्या मंडळीचे पाहुणे येणार असं नव्या पाळकांनी सांगितलं. त्यांनी भाताचं नावही काढलं नव्हतं. माझंच मन खाल्लं. शहरातली माणसं, वीस मैल धुळीतून येणार, आणि आपण त्यांच्या पानात काय वाढणार? लोक म्हणतील इथला स्वयंपाकी आंधळा आहे काय. मी मनाशी म्हटलं, तांदूळ टोपलीत वेगवेगळ्या फडक्यांत ठेवू, प्रार्थना एकत्रच होईल, शिजवू तीन गंजांत, आणि वाढताना तिन्हीतला थोडा थोडा एका पानात वाढू. पोटात गेल्यावर मिसळतोच. मास्तर असते तर त्यांनाही पटलं असतं, असंही मी म्हटलं. तुमचं भाजलेलं बोट तेव्हा मला आठवलं नाही असं लिहिणार होतो, पण आठवलं होतं.

भात असा झाला, मास्तर, की दाणा दाण्याला चिकटत नव्हता. पाहुण्यांनी मला पंगतीत बोलावून घेतलं. लोणच्याची बरणी त्या वर्षी उघडलीच नाही. टोल्याचे थोरले भाऊ म्हणाले, "आमचा तांदूळ एवढा गोड हाय, हे मले आज समजलं." सगळे तसंच म्हणत होते, ज्याला त्याला आपला तांदूळ समजला होता. मी त्या दिवशी तरंगत घरी गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या हाताची तारीफ केली होती.

पुढच्या वर्षी कोणी तरी वाढताना म्हणालं, "मले आमच्या गंजातलाच देजो." त्यात काय वाईट? मी वाढला. त्याच्या पुढच्या वर्षी माणसं ज्याच्या त्याच्या गंजाजवळ बसली, म्हणजे वाढायला सोपं. मग तेलुगू लोकांच्या गंजापाशी त्यांच्याच बाया उभ्या राहिल्या, कारण मी एकटा तीन ठिकाणी कसा पुरणार? मग त्यांच्यातल्या दोन आळ्यांचे दोन गंज झाले. मग टोल्याहून निरोप आला, नाला ओलांडून तांदूळ कशाला आणायचा, टोल्यावरच शिजवला तर? नंतर नदीपलीकडून एसटीनं तेलुगू अय्यगारू, त्यांचे पाळक, येऊ लागले. टोल्यावरची पोरं कोरपन्याकडं सिमेंटच्या कामावर जाऊन आली होती, ती म्हणाली आम्हीही आमचं चालवतो. आपली घरं काही बोलली नाहीत. मंडळी काही नुसत्या भातानं तुटत नाही, हे मलाही कळतं. आतून कुठं तरी सुटलेलंच असणार. पण पहिला धागा माझ्या हातानं सुटला, आणि चांगला भात व्हावा म्हणून सुटला.

यंदा मी ठरवलं, एकदा शेवटचं पाहू. पुढच्या सणापर्यंत मी असेन असं धरून चालत नाही. एक गंज, एक टोपली, तुमची रीत. घरोघर ओंजळ मागायला मीच निघालो.

आधी तेलुगू आळीत गेलो. ती खांबाला धरून हसणारी बाई आता आजी झाली आहे, दात गेले आहेत. मला पाहून म्हणाली, "अय्यो, या उन्हात कुठं निघाला? तुझ्या सुनेनं हाकललं काय?" मी ओंजळ मागितली. तिनं मला सावलीत बसवलं. मग म्हणाली, "भाऊ, माझी नवी सून आहे ना, तिनं लग्नानंतर इथं पहिल्यांदा तिच्या भाषेत गाणं ऐकलं. एवढी रडली. मी तीस वर्षं तुमच्या भाषेत आमेन म्हटलं, नाही काय? तुला माझं एक तरी गाणं येते? एक ओळ म्हण." मला एकही ओळ येत नव्हती. तिनं तांदूळ मात्र दिला, ओंजळीच्या जागी सूपभर. "तुझ्यासाठी देते," म्हणाली. "मंडळीसाठी नाही."

टोल्यावर थोरले भाऊ दोरी वळत बसले होते. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. "तुयावर राग नाई, भाऊ," ते म्हणाले. "पन एक सांग. इतके वर्स आमी नाला ओलांडून तिकडं आलो. पावसाळ्यात पोरं खांद्यावर घेऊन आलो. तुमची देवळाच्या पंचांची बैठक कधी टोल्यावर बसली काय?"

मी म्हटलं, "येत त होतो आमी."

"कवा?"

"मयतीले आलो."

"हां. मयतीलेच आले." त्यांनी दोरी पुढं वळायला घेतली. "आमचा ढोल तुमच्या देवळाच्या भाईर ठेवाले लावला. मास्तर गेल्यावर. तू पंच होता तवा." मी होतो. ती बैठक मला आठवते. ढोलानं प्रार्थनेत लक्ष लागत नाही असं कोणी तरी म्हणालं होतं आणि मला घरी जायची घाई होती. भाऊंनी तांदूळ दिला, आईच्या नावानं दिला.

आपल्या आळीत मात्र मला वाटलं होतं, सोपं जाईल. आपल्या मंडळीचे चिटणीस, ते शाळेत शिकवतात, भला माणूस, मला बाबा म्हणतात. म्हणाले, "बाबा, खरं सांगू? आता उपासना वेळेवर सुरू होते. एकच गोष्ट दोन-दोनदा समजावून सांगावी लागत नाही. आणि तो भात, बाबा, राग नका मानू, तो भात कोणाच्यानं खाल्ल्या जात होता का?" मी त्यांना तुमचं काही सांगायला गेलो. त्यांनी मान डोलावली, जशी आपण म्हाताऱ्यांच्या बोलण्यावर डोलावतो. "तुम्ही करा. आम्ही येऊ ना. तुमच्या मनासाठी येऊ."

त्यांनी शब्द पाळला, मास्तर. सगळ्यांनीच पाळला. गेल्या रविवारी तिन्ही उपासना सुटल्यावर लोक देवळापुढं आले. आजी आली, सुनेला घेऊन. भाऊ आले, पाच-सहा जणांसह. चिटणीस आले, पंच आले. मी पहाटेपासून चुलीपाशी होतो; तांदूळ माझ्या हातांनी मिसळला होता, कारण मिसळायला तुम्ही नव्हतात आणि दुसरं कोणी पुढं झालं नाही. पत्रावळी मांडल्या होत्या एका ओळीत, साठ. पण कोणी बसलं नाही. उभ्या उभ्या हातावर घासभर घेतला, मंदिरातला प्रसाद घेतात तसा. कपाळाला नाही लावला एवढंच. "छान झाला," सगळे म्हणाले. कोणी म्हणालं नाही कच्चा आहे. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहत होतो, कोणी तरी म्हणावं म्हणून. आजीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. भाऊंनी एक गोळा पानात बांधून घेतला, म्हणाले आईच्या थडग्यापाशी ठेवतो. मग आजी तिच्या आळीकडं गेली, भाऊ नाल्याकडं. त्यांच्याकडं त्यांचा सण होता, त्यांचा स्वयंपाक झालेला होता, माणसं वाट पाहत होती. कोणाचं काय चुकलं? पाव घंट्यात देवळापुढं मी आणि तो गंज. भात काठापर्यंत होता, वरून थोडासा खचलेला.

मी म्हटलं, आपण बसायचं. कोणी नसलं तरी पंगत आहे, आपण बसायचं. ओळीतल्या पहिल्या पानावर बसलो, स्वतःला वाढून घेतलं, प्रार्थना केली. तुमची आठवण करून पहिला घास घेतला. एकीकडं लगदा, एकीकडं कणी. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मनात म्हणत होतो, हा भात संपवायचा, निदान पानातला तरी संपवायचा, एवढं तरी मास्तरांचं देणं आहे. तिकडं आपल्या आळीत पंगत बसली होती, हसण्याचा आवाज येत होता, फोडणीचा वास येत होता. सून ओसरीवरून हाक मारत होती, "बाबा, या ना, पान थंडं होऊन राह्यलं."

गावातल्या गाई आल्या आणि गंजाशी तोंड लावायला लागल्या. मी त्यांना हाकललं नाही.

मी उठलो, मास्तर. पान तसंच ठेवलं, हात धुतले आणि आळीत जाऊन बसलो. बारीक तांदूळ होता, मोकळा, वाफ निघत असलेला. मी पोटभर जेवलो. दोनदा मागून घेतला. आणि मला तो चांगला लागला. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. पण टाकता आलं असतं तर ही शेवटची चार वाक्यं मी खोडली असती, आणि मगच टाकलं असतं.